सिडवर राहायचं की नाही? मार्च २०२४ मधलं एक प्रकरण

हे प्रकरण दोन माणसांचं आणि दोन मशीनचं आहे. नावं काढून टाकली आहेत, प्रोजेक्टचं नावही देत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोड), सी मध्ये लिहिलेली, फोटोच्या फाइलीत जी माहिती लपलेली असते (कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, वगैरे) ती वाचून देणारी. ती सांभाळणारे दोघं: एक मेंटेनर, जी रोजच्या कामाला डेबियन या लिनक्स सिस्टमचं अनस्टेबल म्हणजे सिड (सतत बदलत राहणारी शाखा) वापरते, आणि एक सहमेंटेनर, जो स्टेबल (रिलीज झालेली पक्की आवृत्ती) सोडून हलत नाही. दोघांचा यावरून जुना वाद. मार्च २०२४ मध्ये हा वाद नुसता वाद राहिला नाही, रोज काहीतरी ठरवावं लागत होतं, म्हणून हे सगळं एकत्र लिहून काढतोय.

## पार्श्वभूमी

ज्यांना डेबियनची रचना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. नवीन पॅकेज आधी सिडमध्ये येतं, तिथे साधारण २ ते १० दिवस राहतं, गंभीर बग निघाला नाही आणि डिपेंडन्सीचं (ते ज्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्यांचं) गणित जुळलं तर टेस्टिंगमध्ये सरकतं, आणि टेस्टिंग पुरेसं गोठलं की त्याचंच पुढचं स्टेबल होतं. सिडचं कधी रिलीज होत नाही, ते कायम वाहतं. सिक्युरिटी टीमचं मुख्य लक्ष स्टेबलवर असतं, सिडमध्ये दुरुस्ती येते ती त्या त्या पॅकेजच्या मेंटेनरने नवीन आवृत्ती अपलोड केली की. बऱ्याचदा ती लगेच येते, पण तशी हमी कोणी दिलेली नाही.

मेंटेनर सिडवर का, तर तिच्या लायब्ररीखालच्या गोष्टी (कोडपासून प्रोग्राम बनवणारा कंपायलर, ग्लिबसी ही सी ची मूळ लायब्ररी, बिल्ड टूल) बदलल्या की काय फुटतं ते तिला सगळ्यात आधी कळावं म्हणून. नाहीतर साधारण दोन वर्षांनी स्टेबल येतं आणि मग एकदम पन्नास लोक येऊन सांगतात की बिल्ड होत नाही. हे कारण मला पूर्ण पटतं. डेव्हलपमेंट ब्रँच वापरणारे लोक नसतील तर ती ब्रँच तपासणार कोण?

तिच्याकडे दोन सिड मशीन होती. एक लॅपटॉप, रोजचं काम, मेल, ब्राउझर, आणि त्याच्यावरच रिलीज साइन करायची की (रिलीज खरोखर यांचंच आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची गुप्त किल्ली). दुसरं एक बिल्ड मशीन, भाड्याने घेतलेला सर्व्हर, डेस्कटॉप वगैरे काही नाही, रोज रात्री लायब्ररी बिल्ड करून टेस्ट चालवणारं, एकदा मेक या साध्या बिल्ड टूलने आणि एकदा डेबियनच्याच पॅकेजिंग सेटिंगने. त्याच्यावर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) इंटरनेटला उघडं. पासवर्ड बंद, फक्त कीने लॉगिन, पोर्ट बदललेला. बहुतेक लोक याला व्यवस्थित सेटअप म्हणतील आणि मीही म्हटलं असतं.

## अडचण कशी सुरू झाली

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी डेबियनने एक फार मोठं काम सिडमध्ये उतरवायला सुरुवात केली. ३२ बिट आर्किटेक्चरवर वेळ मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो, तो १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहतो, म्हणून तो ६४ बिटांचा करायचा. तसं केलं की त्या आकड्याला हात लावणाऱ्या लायब्ऱ्यांचा एबीआय (बिल्ड झालेले प्रोग्राम लायब्ररीशी ज्या बांधणीने जुळतात ती) बदलतो, म्हणून त्या लायब्ऱ्यांच्या पॅकेजची नावं बदलायची, शेवटी टी६४ लावायचं. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४, लिबकर्ल४ चं लिबकर्ल४टी६४, अशी शेकडो. साध्या ६४ बिट पीसीवर हा आकडा आधीपासूनच ६४ बिटांचा होता, तिथे आतून काहीच बदलत नव्हतं, पण नावं सगळीकडे एकसारखी हवीत म्हणून तिथेही बदलली.

आता शेकडो लायब्ऱ्यांची नावं बदलली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले हजारो प्रोग्राम एकाच दिवशी रिबिल्ड होत नाहीत. काही झाले, काही रांगेत, काही बिल्डच होईनात. त्या मधल्या काळात पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या अ‍ॅप्टला जे दिसतं ते अर्धवट जग. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेंटेनरने लॅपटॉपवर नेहमीप्रमाणे फुल-अपग्रेड (गरज पडली तर पॅकेजेस काढूनही सगळं नवं करणारं) मारलं आणि अ‍ॅप्टने जी यादी समोर ठेवली त्यात "काढून टाकली जातील" खाली दोनशेच्या वर नावं होती, आणि त्यात अख्खा डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर, ऑफिस, असं सगळं.

तिने नाही दाबलं. हा पहिला निर्णय आणि वाचायला अगदी किरकोळ वाटतो, पण सिडवर वर्षानुवर्षं नीट राहणारे आणि दोन महिन्यात वैतागून सोडणारे यांच्यातला बराचसा फरक या एका जागी असतो असं माझं स्पष्ट मत आहे. यादी वाचायची. पूर्ण वाचायची.

आणि वाचायची कशी तेही सांगतो, कारण त्या काळात नुसती लांब यादी दिसली म्हणून घाबरण्यात अर्थ नव्हता. काढायच्या यादीत जुनं नाव आणि नवीन टाकायच्या यादीत तेच नाव टी६४ लागून, अशी जोडी दिसली की ते फक्त नामांतर, त्याला हरकत नाही. काढायच्या यादीत ज्याला जोडीच नाही असं नाव दिसलं, आणि ते लायब्ररीचं नसून तुम्ही वापरता त्या प्रोग्रामचं असलं, की थांबायचं. लॅपटॉपवर जोडी नसलेली नावं पन्नासेक होती. बिल्ड मशीनवर जवळपास सगळ्या जोड्याच होत्या, कारण तिथे मुळात पॅकेजेसच थोडी.

## लॅपटॉपसाठी कुठले पर्याय होते

सहमेंटेनरचं म्हणणं होतं, "तू आता स्टेबल टाक आणि मोकळी हो, सिड हवं तर कंटेनरमध्ये चालव." (कंटेनर म्हणजे मशीनच्या आतच वेगळा ठेवलेला सिस्टमचा कप्पा.) तिचं म्हणणं, "कंटेनरमध्ये मी रोज बसत नाही. जे रोज वापरत नाही त्यातलं बिघडलेलं मला दिसणार नाही." दोघांचंही खरं आहे.

नीट बसून पाहिलं तर रस्ते असे होते.

फुल-अपग्रेड होऊ द्यायचं, डेस्कटॉप जाईल तो जाऊ द्यायचा, आणि रिबिल्ड पूर्ण झाल्यावर परत टाकायचा. काही लोकांनी खरंच असं केलं. पण नेटवर्क मॅनेजर गेल्यावर वायफाय कसं जोडायचं हे आधी माहीत असलं पाहिजे, आणि तिला त्या आठवड्यात दुसरंही काम होतं.

साधं अपग्रेड मारायचं, म्हणजे जे काही काढायला लागत नाही तेवढंच पुढे जातं, बाकीचं थांबतं. हा सगळ्यात रुळलेला मार्ग, सिडवर अशा वेळी अनुभवी लोक हाच सांगतात. याचा तोटा म्हणजे मशीन अर्धं जुनं अर्धं नवं होत जातं आणि काही बिघडलं तर नक्की कुठल्या जोडीने बिघडलं ते शोधणं अवघड होतं.

टेस्टिंगवर उतरायचं. पण एकदा सिडच्या आवृत्त्या बसल्या की खाली उतरणं सरळ नसतं, अ‍ॅप्ट स्वतःहून डाउनग्रेड करत नाही, आणि डाउनग्रेडला डेबियन सपोर्ट करत नाही. शिवाय टेस्टिंग त्या काळात अडकलेलंच होतं, नामांतर सुटेपर्यंत तिकडे फारसं काही सरकत नव्हतं.

डेबियनचा स्नॅपशॉट आर्काइव्ह वापरून मशीन एका ठरावीक तारखेला बांधून ठेवायचं. त्या आर्काइव्हमध्ये प्रत्येक दिवसाचं सिड जपून ठेवलेलं असतं. सोर्स यादीत तारीख टाकली आणि मुदत संपल्याची तपासणी बंद केली की झालं. चांगला मार्ग आहे, पण यात नवीन काहीच येत नाही.

किंवा मग हातच लावायचा नाही. पूर्ण गोठवायचं आणि वाट बघायची.

## काय केलं

लॅपटॉप तिने गोठवला. फक्त ब्राउझर तसा ठेवणं परवडणारं नव्हतं, तर तो मोझिलाकडून थेट टारबॉल (फाइलींचा एक गठ्ठा) घेऊन होम फोल्डरमध्ये चालवला. साधं अपग्रेडही मारलं नाही. कारण तिचं साधं होतं, हातात एक रिलीज होतं आणि तोपर्यंत पायाखालचं काही हलायला नको होतं.

बिल्ड मशीनवर मात्र फुल-अपग्रेड होऊ दिलं. यादीत जोड्याच दिसत होत्या, आणि ते मशीन आहेच त्यासाठी.

आणि त्याचा फायदा आठवड्याभरातच दिसला. या बदलाबरोबर डेबियनने बिल्ड सेटिंग कडक केलं, जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर आधी फक्त वॉर्निंग यायची, आता एरर. रात्रीचा डेबियन सेटिंगवाला बिल्ड फेल. बघितलं तर फोटोची तारीख वाचणारी फाइल, त्यात स्ट्रपीटाइम हे तारीख वाचणारं फंक्शन वापरलेलं. ते फंक्शन ग्लिबसीमध्ये विशिष्ट मॅक्रो आधी डिफाइन केल्याशिवाय हेडरमधून दिसतच नाही, आणि तो मॅक्रो दुसऱ्या एका फाइलीत होता, या फाइलीत नव्हता. मग कंपायलर गृहीत धरतो की ते फंक्शन इंट (३२ बिटांचा पूर्णांक) परत देतं. पण ते देतं पॉइंटर (मेमरीतला पत्ता). ६४ बिट मशीनवर पॉइंटरचा वरचा अर्धा भाग तिथे कापला जातो. परत आलेला पॉइंटर कोड फक्त "नल आहे का" एवढंच बघण्यासाठी वापरत होता म्हणून इतकी वर्षं क्रॅश झालं नाही, नाहीतर कधीच झालं असतं. वॉर्निंग लॉगमध्ये होती. शेकडो ओळींच्या लॉगमध्ये एक ओळ, कोणी बघणार?

दुरुस्ती एका ओळीची. पण ती मार्चमध्ये झाली. पुढे मे २०२४ मध्ये जीसीसी १४ (सी च्या कंपायलरची नवी आवृत्ती) आलं आणि त्याने हीच गोष्ट सगळ्यांसाठीच एरर केली, तोपर्यंत यांचा कोड साफ होता. सिडवर राहण्याचं समर्थन करायला मला एवढं एक उदाहरण पुरतं.

मार्चच्या मध्यात रिलीज झालं. सोर्स टारबॉल बिल्ड मशीनवर तयार झाला, लॅपटॉपवर आणून साइन केला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## २९ मार्च

शुक्रवार होता. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोर (मुद्दाम ठेवलेलं चोरदार) आहे. ते वेगळ्याच कामासाठी परफॉर्मन्स मोजत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिन नेहमीपेक्षा जड झालंय, जिथे साधारण ०.३ सेकंद लागायला हवे तिथे ०.८ लागतायत. त्याच्या मागे ते लागले म्हणून हे सापडलं. आणि ते मोजत होते कुठे, तर डेबियन सिडवर.

ज्यांना तपशील माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सझेड ही कॉम्प्रेशनची लायब्ररी, तिचा एसएसएचशी थेट संबंध नाही. पण डेबियनचं एसएसएच सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला) निरोप देता यावा म्हणून त्याच्या लायब्ररीशी जोडलेलं होतं, आणि ती लायब्ररी एक्सझेडला ओढत होती, अशा आडमार्गाने ते आत पोचलं. बॅकडोरचा कोड गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या व्यवस्थेत) उघड कुठे दिसत नव्हता. टेस्टसाठीच्या बायनरी फाइलींत तो दडवलेला, आणि त्याला बाहेर काढणारी एम४ फाइल (बिल्डच्या तयारीत वापरली जाणारी) फक्त रिलीज टारबॉलमध्ये घातलेली. तेही ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर डेब किंवा आरपीएम पॅकेज बनवताना तेवढंच जागं होणारं. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त की आहे त्याला लॉगिन न करता मशीनवर हुकूम चालवता येईल अशी सोय.

डेबियनने त्याच दिवशी जाहीर केलं की स्टेबलला काही झालेलं नाही, पण टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटलमध्ये १ फेब्रुवारीला आलेल्या ५.५.१ अल्फापासून ५.६.१-१ पर्यंतची पॅकेजेस संशयित धरा. कोड मागे घेऊन ५.४.५ वर नेला, आणि आवृत्तीचा आकडा मागे जाऊ शकत नाही म्हणून पॅकेजला "५.६.१ प्लस रिअली ५.४.५" असं नाव दिलं. रेड हॅटने फेडोरा रॉहाइड (फेडोराचं सिडसारखं वाहतं रूप) वापरणाऱ्यांना वापर ताबडतोब थांबवा असं सांगितलं. ओपनसुसेने त्यांच्या तसल्याच टम्बलवीडवाल्यांना सांगितलं की एसएसएच इंटरनेटला उघडं असेल तर नव्याने इन्स्टॉल केलेलं बरं.

मेंटेनरचं बिल्ड मशीन: सिड, ६४ बिट, ५.६.१ बसलेलं, एसएसएच इंटरनेटला उघडं. जेवढ्या अटी होत्या त्या सगळ्या पूर्ण.

लॅपटॉप: गोठवलेला, एक्सझेड ५.५.१ अल्फा. डेबियनच्या संशयित यादीत तोही आकडा आहे, पण खरा बॅकडोर ५.६.० पासून, आणि लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर मुळात नव्हताच. तर लॅपटॉप वाचला. तो वाचला कशामुळे हे मात्र प्रामाणिकपणे बघायला हवं. एक्सझेडच्या लायब्ररीचं नाव टी६४ मध्ये बदललेलं नव्हतं, म्हणजे तिने "साधं अपग्रेड" हा रुळलेला, शहाणा मानला जाणारा मार्ग घेतला असता तर ५.६.१ अलगद आत आलं असतं. गोठवलं ते रिलीजसाठी, आणि टळलं हे. हा योगायोग आहे. यावरून कोणी अपडेट न मारणं हाच उपाय असं शिकू नये, कारण त्याच आठवड्यांत बाकीच्या पॅकेजांच्या खऱ्या दुरुस्त्याही लॅपटॉपपर्यंत पोचत नव्हत्या.

## दुसरा निर्णय: दुरुस्त करायचं की उडवायचं

बिल्ड मशीनचं काय करायचं यावर शुक्रवारी रात्री दोघांची बरीच चर्चा झाली.

सोपा मार्ग होता की मागे नेलेलं एक्सझेड बसवायचं, एसएसएच रीस्टार्ट करायचं आणि पुढे चालू. बहुतेक लोकांनी एवढंच केलं असणार आणि बहुतेकांना ते पुरलंही असेल. मेंटेनरचा पहिला कल तिकडेच होता, लॉगमध्ये तर काही विचित्र दिसत नाही असं ती म्हणाली. सहमेंटेनरने विचारलं, "लॉगिन व्हायच्या आधीच कोणी आत आलं असेल तर ते लॉगमध्ये दिसेल कशावरून?" मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जो मार्ग ऑथेंटिकेशनच्या (ओळख पटवण्याच्या) आधी रूट (मशीनचा पूर्ण ताबा) देतो, त्याच्याबद्दल त्याच मशीनवरचे लॉग पुरावा म्हणून धरता येत नाहीत. कोणी आलं होतं असं म्हणायला काहीच कारण नव्हतं, आलं नव्हतं असं म्हणायलाही नव्हतं.

मग प्रश्न उलटा केला. समजा कोणी आलं होतं, तर त्याच्या हाती काय लागलं असतं? हे कागदावर लिहून काढलं आणि यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली:

- रिपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) बदल पुश करू शकणारी डिप्लॉय की, डिस्कवर, पासफ्रेज नसलेली
- एजंट फॉरवर्डिंग. मेंटेनर लॅपटॉपवरून लॉगिन करताना तिचा एसएसएच एजंट (की सांभाळणारा प्रोग्राम) पुढे देत होती. यात की चोरता येत नाही, ती लॅपटॉपवरच राहते, पण जोवर ती जोडलेली आहे तोवर त्या मशीनचा रूट तिची की तिच्या नावाने वापरू शकतो
- मार्चमधल्या रिलीजचा टारबॉल, जो तिथेच बनला होता

साइन करायची की तिथे नव्हती. हे एक बरं होतं.

तिसरा मुद्दा कळला तेव्हा चर्चा संपली. मशीन बंद करून डिस्क बाजूला ठेवली आणि शनिवारी सकाळी नवीन मशीन उभं केलं, स्टेबल.

## टारबॉल तपासणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण याच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

सहमेंटेनरने त्याच्या स्टेबल मशीनवर गिटमधला तोच टॅग (रिलीजची खूण) काढला (टॅगची सही आधी तपासली), टारबॉल नव्याने बनवला, आणि प्रसिद्ध झालेल्या टारबॉलशी फाइलनिहाय तुलना केली. हॅश (फाइलचे आकडी ठसे) जुळले नाहीत, ते अपेक्षितच होतं. हाताने लिहिलेल्या सोर्स फाइली तंतोतंत सारख्या. फरक फक्त ऑटोटूल्सने (बिल्डची तयारी करणाऱ्या टूलनी) जनरेट केलेल्या फाइलींत: कॉन्फिगर स्क्रिप्ट, मेकफाइल डॉट इन, आणि काही एम४.

म्हणजे फरक नेमका त्याच जागी जिथे एक्सझेडचा लपवलेला होता. टूलच्या पॅच आवृत्त्या दोन मशीनवर वेगवेगळ्या असल्याने फरक येणं स्वाभाविक, पण "स्वाभाविक" म्हणून सोडून द्यायची ती वेळ नव्हती. कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची, ती सरळ वाचून कोणालाच काही कळत नाही. मग त्यांनी वेगळं केलं, स्नॅपशॉट आर्काइव्हमधून रिलीजच्या तारखेचं सिड एका स्वच्छ कंटेनरमध्ये उभं केलं, त्याच आवृत्त्यांची टूल, आणि तिथे टारबॉल बनवला. (त्यातही एक्सझेड ५.६ होतंच, पण एसएसएच नव्हतं, नेटवर्क बंद होतं, आणि हवं होतं ते फक्त ऑटोटूल्सचं आउटपुट.) या वेळी जनरेट झालेल्या फाइलीही एकेका बाइटपर्यंत जुळल्या, राहिला फरक फक्त टाइमस्टॅम्पचा.

रविवारी रात्री त्यांनी एक छोटी नोट काढली: काय झालं, काय तपासलं, टारबॉल ठीक आहे, तरी डिप्लॉय की बदलली आहे.

## निकाल

कीज सगळ्या बदलल्या. एजंट फॉरवर्डिंग कायमचं बंद, त्याऐवजी मधल्या मशीनवरून उडी मारून जायचं, त्यात एजंट पुढे जात नाही. साइन करायची की लॅपटॉपवरून काढून हार्डवेअर टोकनवर नेली, तीही फक्त सहमेंटेनरच्या स्टेबल मशीनवर लावायची असं ठरलं. म्हणजे ज्याचं सिडवर मत खराब आहे त्याच्याकडे की, आणि जी सिडवर राहते तिच्याकडे बग शोधायचं काम. मला ही वाटणी फार आवडली.

रिलीजचा टारबॉल आता गिट आर्काइव्हने बनतो, त्यात जनरेट केलेली फाइल एकही नाही, ज्याला बिल्ड करायचंय तो ऑटोरीकॉन्फ (त्या फाइली जनरेट करणारं टूल) स्वतः चालवेल. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डेबियन तसंही बिल्डच्या वेळी ऑटोरीकॉन्फ परत चालवतं, मग एक्सझेडमध्ये ते का वाचलं नाही? कारण तिथे घुसवलेली एम४ फाइल ही जनरेट झालेल्या गोष्टीत नव्हती, ज्याच्यापासून जनरेट होतं त्या कच्च्या मालात होती. ऑटोरीकॉन्फने ती इमानेइतबारे वापरली. म्हणून टारबॉल आणि गिट यांच्यात फरकच राहू न देणं हा जास्त मुळाचा उपाय.

रात्रीचा सिड बिल्ड सुरूच आहे, आता स्टेबल मशीनवर रोज नव्याने बनणाऱ्या कंटेनरमध्ये, काम झालं की कंटेनर पुसला जातो. आतमध्ये कुठलीही की नाही, एसएसएच नाही.

लॅपटॉप? एप्रिलमध्ये यादीतली जोडी नसलेली नावं हळूहळू कमी होत गेली, आणि ज्या दिवशी काढायच्या यादीत फक्त जोड्या उरल्या त्या दिवशी तिने फुल-अपग्रेड मारलं. ती अजून सिडवरच आहे. त्यानंतर डेबियन १३ ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, जीसीसी १४ सकट आणि टी६४ सकट, आणि लायब्ररी त्यात कुठल्याही पॅचशिवाय गेली.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिलं आणि सगळ्यात मोठं: बिल्ड मशीनचं एसएसएच सगळ्या जगाला उघडं असायची गरज नव्हती. लॉगिन करणारी माणसं दोन. वायरगार्डच्या (खासगी व्हीपीएनच्या) आत ठेवलं असतं तर बॅकडोर असूनही बाहेरून कोणाला दार दिसलंच नसतं. डेव्हलपमेंट ब्रँच चालवणाऱ्या मशीनवर बाहेरून पोचता येणारी प्रत्येक सेवा ही वेगळा विचार करून उघडायची गोष्ट आहे, सवयीने उघडायची नाही. हे आता केलंय, पण हे आधी करायला काहीच अडचण नव्हती.

दुसरं, फाइलसिस्टम. लॅपटॉप एक्स्ट४ वर होता, त्यामुळे मागे जायची सोय नव्हती आणि म्हणूनच "करून तर बघू" हा पर्याय तिला उपलब्धच नव्हता. बीटीआरएफएसवर अपग्रेडच्या आधी आपोआप स्नॅपशॉट घेणारी व्यवस्था असती तर मार्चमध्ये तिने फुल-अपग्रेड मारून बघितलं असतं, आवडलं नाही तर मागे. सिडवर येऊ बघणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो, इन्स्टॉल करतानाच याचा विचार कर, नंतर बदलणं कटकटीचं होतं.

अ‍ॅप्ट-लिस्टबग्ज वापरायला हवं होतं का? ते अपग्रेडच्या आधी गंभीर बग दाखवतं आणि रोजच्यासाठी फार उपयोगी आहे, पण या प्रकरणात त्याने काही झालं नसतं, कारण २९ मार्चपर्यंत कोणी बग नोंदवलेलाच नव्हता. टेस्टिंगवर असती तरी सुटका नव्हती, हे एक्सझेड तिथेही पोचलं होतं. हे सांगतोय कारण "सिड सोड, टेस्टिंग घे, ते सुरक्षित आहे" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बऱ्याचदा सिडमध्ये आलेली दुरुस्ती टेस्टिंगमध्ये पोचायला काही दिवस जास्त लागतात.

लॉगमधल्या वॉर्निंगचंही आहे. स्ट्रपीटाइमची वॉर्निंग बिल्ड लॉगमध्ये कित्येक महिने पडून होती. सिडवर रोज बिल्ड करून वॉर्निंग कोणी वाचत नसेल तर अर्धा फायदा वाया जातो. आता नवीन वॉर्निंग आली की रात्रीचा बिल्ड फेल धरला जातो, जुन्या वॉर्निंग आधी साफ कराव्या लागल्या, त्याला वेळ गेला पण केलं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. कंटेनरमध्ये सिड चालवलं तरी कर्नल (सिस्टमचा गाभा) खालच्या स्टेबलचाच असतो, त्यामुळे सिडच्या नवीन कर्नलवर लायब्ररी कशी वागते ते रात्रीच्या बिल्डमध्ये तपासलं जात नाही. तसं या लायब्ररीचं कर्नलशी थेट घेणंदेणं कमी, पण मोठ्या फाइली ती मेमरीत मॅप करून वाचते आणि तिथे फरक पडू शकतो. सहमेंटेनर म्हणतो त्यासाठी पूर्ण व्हर्च्युअल मशीन उभं करू, आठवड्यातून एकदा. मेंटेनर म्हणते माझा लॅपटॉप आहे ना. तूर्तास लॅपटॉपवरच भागतंय, आणि व्हर्च्युअल मशीनची स्क्रिप्ट अर्धी लिहून रिपोच्या एका ब्रँचमध्ये पडून आहे.